तिरुवैयारुचे तीन सेकंद

तंजावर,
२३ मार्च २०२५

चि. श्रीकर,

आशीर्वाद. रीत आहे म्हणून. घरी सगळे बरे असतील. इकडे तुझी वहिनी तुझी बाजू घेऊन माझ्याशी अबोला धरून बसली आहे, तेवढाच आराम.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ! "अण्णा, कॅमेऱ्याची मूळ फाइल पाठव, कापलेली नको." चाळीस वर्षं मी व्यासपीठावर उभा आहे, श्रीकर. माझ्या शब्दाला पुरावा आजवर कोणी मागितला नाही. मागितला तो कोणी, तर पापनाशमच्या निवृत्त स्टेशनमास्तरने!

काय मागतोस ते कळतं तरी का तुला? आठ मार्चच्या संध्याकाळी नेपच्यूनपलीकडचा बर्फाचा एक गोळा, ज्याला नावसुद्धा नाही, फक्त क्रमांक, एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. कुठल्या गावातून तारा किती सेकंद विझला, यावरून त्या गोळ्याचा आकार ठरतो. मदुरैत अकरा सेकंद. माझ्या तिरुवैयारुत तीन. आणि तुझ्या पापनाशमात? "तारा विझलाच नाही." अवघ्या काही मैलांवर! म्हणजे आपल्यापैकी एक जण चुकला. मी चुकणारा नव्हे, हे मी लगेच ठरवलं.

तुझी नंदिता सगळ्यांचे आकडे गोळा करते आहे, हा तिचा पहिला शोधनिबंध. तिने फोनवर विचारलं, "काका, अप्पांचं निरीक्षण गाळू का?"

मी म्हणालो, "गाळ. तुझ्या अप्पाने जन्मभर गाड्या पाहिल्या, त्या आपणहून त्याच्यापाशी येऊन थांबत."

पोरगी हसली आणि तिने गाळलं. तारा विझला नाही, ही नोंदसुद्धा विझल्याच्या नोंदीइतकीच मोलाची असते. हे तिला मीच शिकवलं होतं.

मग गेल्या रविवारी पट्टिमंड्रम झालं. भर सभेत दोन पक्षांच्या वादात मी तुला ओढलं. "माझा धाकटा भाऊ इतका सज्जन, की त्याला पाहून तारासुद्धा जायला संकोचला!" सभागृह हसून लोळलं. तू समोरच होतास. उठून गेला असतास तर मी जिंकलो असतो. तू बसून राहिलास, हात मांडीवर ठेवून. लहानपणापासून तुझं हेच! भांडायचं असेल तर भांड ना. घरात येऊन ओरड. एका ओळीने माणसाला सोलून काढायचं, हा कुठला सज्जनपणा?

हे देवनागरीत लिहितो आहे, कारण तुझ्या घरात बाकी सगळे तमिळच वाचतात, ही अक्षरं तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाहीत. नंदितालाही नाही. यावरून जे समजायचं ते समज.

तिरुवैयारुत माझ्या मित्राच्या, गुरुमूर्तीच्या बागेत दुर्बीण लावली होती. तारा पश्चिमेला उतरलेला, दोन माडांच्या फटीत. वारा सुटला. कॅमेऱ्याच्या पडद्यावरून तारा नाहीसा झाला आणि मी ओरडलो, "गेला!"

गुरुमूर्ती म्हणाला, "रघोजी, झावळी आली रे समोर."

"तू तुझे नारळ सांभाळ," मी म्हणालो.

मूळ फाइलमध्ये शेजारचा ताराही त्याच तीन सेकंदांत नाहीसा होतो. एवढासा बर्फाचा गोळा दोन तारे एकदम झाकत नाही. झावळी झाकते. हे मला त्याच आठवड्यात दिसलं. मी शेजारचा तारा कापून टाकला आणि उरलेलं नंदिताला पाठवलं. सभेत तुझ्यावर लोकांना हसवलं, ते त्यानंतर.

आज सकाळी मूळ फाइल तिच्याकडे गेली. सोबत लिहिलं: अप्पांचं परत घे, माझं गाळ, आणि गाळल्याचं कारणही छाप. तेव्हापासून तिचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. कुठल्याही सभेला उत्तर देणारा मी, तिचं "का, काका?" ऐकायला घाबरतो.

माफ करायला इकडे येऊ नकोस, श्रीकर. तुझी ती शांत, घडी घातलेली माफी मला सोसणार नाही. यायचंच असेल तर भांडायला ये.

अण्णा म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

रघोजी