दिगंबरचं सुपाचं यान

रविवार, रिसोड

गणपतीच्या देखाव्यात दोन अंतराळयानं ठेवली: माझं आणि दिगंबर पेंटरचं. अंतराळाचे सिनेमे थांबवून थांबवून त्यांतली यानं न्याहाळली, तेव्हा कुठे माझ्या यानाला तीनशे खिळे बसले. तीनशे! त्याचं म्हणजे पालथं सूप, मागे लाल दिवा. अन् गल्लीतली पोरं खडूनं रस्त्यावर त्याचंच यान काढतात. ज्याला पट्टी सरळ धरता येत नाही, त्याचं!

जळफळत बायकोला म्हटलं, माझं काढून दाखव.

"तुमचं लई बारीक हाये. ध्यानात कायचं राह्यते? त्याचं दोन रेघांत येते."

सिनेमातली माझी आवडती यानंही दोन रेघांतच येतात. हे मला कसं दिसलं नाही?

मग वहीत माझंच यान काढायला बसलो. खिळे सगळे आठवले. आकार आठवेना.