आपलं की आमचं

१ मार्च १९८५, शुक्रवार

झल्लाकचं हॉटेल. दुपारच्या जेवणाचा सेट. साडेबारा ते साडेतीन, मध्ये पंधरा मिनिटं सुटी. तीच बावीस गाणी. लोक काटेचमचे वाजवतात, मी गिटार. बाहरीनला येऊन नऊ वर्षं झाली, एक सूर स्वतःचा नाही. कंटाळा आला रे देवा.

समोरच्या टेबलावर तो अमेरिकन नेव्हीवाला परत. काळा, उंच, नाव रॉय. जेवण थंड होतंय नि हा टेबलावर बोटांनी ताल धरून. सुटीत जवळ आला. तिसरं गाणं कुठून शिकलास? म्हटलं, कॅसेटवरून. हसला. म्हणे, त्या कॅसेटवरचा गोरा पोरगा ते माझ्या आजीच्या चर्चमधून शिकला. आजी मेली तेव्हा तिच्या घरी रेडिओ नव्हता, आणि पोराचं स्वतःचं विमान आहे.

मी म्हटलं, चोर साले. जरा जास्तच जोरात म्हटलं.

४ मार्च, सोमवार

फिलूला रॉयचं सांगितलं. नुकतीच शिफ्टवरून आलेली, पाय गरम पाण्यात. दिवसभर वॉर्डात उभी राहते बिचारी.

"मग तू काय करतोस? तू त्या गोऱ्याचं उचलतोस. चोरावर मोर."

म्हटलं, अगं आम्ही उसनं घेतो. सगळं संगीत असंच फिरतं.

"उसनं? शेजारीण साखर नेते तर वाटी तरी परत आणते."

लग्नाला चौदा वर्षं झाली, वादात एकदाही जिंकलो नाही. फि. म्हणजे फि.

७ मार्च, गुरुवार

हॉटेलची व्हॅन सालेम चालवतो. इथलाच, बाहरीनी. काळा, रॉयपेक्षाही काळा. आज रिफाच्या सिग्नलला थांबलो तर स्टिअरिंगवर थाप मारत काहीतरी गुणगुणत होता. अंगावर काटा आला. ठेका असा की अडखळला, पडला असं वाटावं नि तिथूनच उठून चालू लागावा.

"ये क्या है, सालेम?"

"लेवा." त्याच्या लोकांचं. आजोबांना झांझिबारहून जहाजात घालून आणलं, विकलं, त्यांच्याबरोबर आलेलं. शब्द तिकडचे, अर्थ आता कोणालाच कळत नाही. पण ही चाल जुनी नाही. "ये मेरा चाचा मुबारक बनाया." चाचा मोत्यांच्या बोटीवर बुड्या मारायचा तेव्हाची. अजून आहे म्हातारा, दात गेले म्हणून फुंकायचं वाद्य वाजवत नाही.

उद्या ये म्हणाला, मुहर्रकला, आमची माणसं जमतात.

९ मार्च, शनिवार

काल सेट संपवून गेलो. अजून कान भरलेत.

वीसेक माणसं गोल फिरत. कोणी ड्रायव्हर, कोणी बंदरावर, कोणी शाळेत शिपाई. उभा मोठा ढोल, दोन लहान, एक पत्र्याचा डबा. आणि मध्ये एक वाद्य, मी म्हटलं ही तर सनई! काय म्हणता हिला? "सुरनाई." घ्या. मुंबईपासून इथपर्यंत एकच बाई नाव थोडं बदलून नांदतेय.

टेपरेकॉर्डर नेलेला. विचारलं, टेप करू का? बाकीचे सालेमकडे बघायला लागले. सालेमने माझ्या खांद्यावर हात ठेवला नि त्यांना अरबीत काहीतरी सांगितलं. मग मला म्हणाला, "करो, करो. तुम अपना आदमी."

चहा गोड, अतिगोड. तीन कप घेतले.

१७ मार्च, रविवार

झालं. आठ दिवस दुसरं काही सुचलं नाही. मुबारकचाचाची चाल कीबोर्डवर, खाली तो ठेका, मधला एक तुकडा माझा. इंग्रजी शब्द घातले, समुद्रबिमुद्र. बँडमधली पोरं म्हणाली, अंतोन, हे चालणार.

खोटं कशाला लिहू, खूप आनंद झाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिलं गाणं. फि.ला उठवून नाचवलं स्वयंपाकघरात. ती म्हणाली, उपवासकाळ चालू आहे, नाचतोस काय मेल्या. पण नाचली.

२४ मार्च, रविवार

चर्चमध्ये मिस्साला बसलो नि एकदम मोनीमावशी आठवली.

वसईला मांडवात हळदीच्या आदल्या दिवशी ती गायची. एक गाणं तिने स्वतः रचलेलं, माझ्या मोठ्या भावाच्या लग्नात. मुंबईहून कोणी टाय लावलेला माणूस येऊन टेप करून गेला. दोन वर्षांनी रेडिओवर तेच गाणं, कोण्या बाईच्या गोड आवाजात, मागे व्हायोलिनं. निवेदक म्हणाला, पारंपरिक.

मावशी तांदूळ निवडत होती. हात थांबला. "पारंपरिक म्हणजे काय रे?"

मी सांगितलं, म्हणजे कोणी केलं ते माहीत नाही, जुन्या लोकांचं.

"अरे पण मी मेले काय?"

आम्ही सगळे हसलो होतो तेव्हा. मीही.

२९ मार्च, शुक्रवार

आज वाजवलं. नवव्या नंबरला. माइकवर म्हणालो, नाऊ अवर ओन साँग. काटेचमचे थांबले! हॉटेलच्या साहेबाने टाळ्या वाजवल्या. सालेम किचनच्या दारात उभा, दाराच्या चौकटीवर ठेका धरून, सगळे दात बाहेर. आचाऱ्याला सांगत होता, अपना गाना, अपना गाना.

रॉय आलेला. विचारलं, कोणाचं? म्हटलं, अवर्स. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग दारातल्या सालेमकडे, मग आपलं सरबत प्यायला लागला. बोलला असता तर बरं झालं असतं.

५ एप्रिल, गुड फ्रायडे

आज वाजवणं नाही. साहेबाला आधीच सांगितलेलं. उपास. डोकं दुखतंय.

दिवसभर एकच घोळत होतं. इंग्रजीत किती सोयीचं आहे. अवर म्हटलं की झालं. मराठीत बोललो असतो तर जीभ अडली असती. सालेमला धरून म्हणायचं तर आपलं. त्याला सोडून म्हणायचं तर आमचं. मला आपलंच म्हणायचं होतं.

होतं ना? देवासमोर तरी खरं बोल अंतोन, आज दिवस काय आहे.

१८ एप्रिल, गुरुवार

मनामाला कुरियनच्या दुकानात गेलो. तो कॅसेटी काढतो, हॉटेलांतून ठेवतो. आमची बारा गाणी, अकरा दुसऱ्यांची नि हे एक. कव्हरचा कागद पुढे केला. संगीत, कोरी जागा.

मी पेन धरून बसलो. मग म्हटलं, ह्यात एका लोकल माणसाचं पण थोडं आहे.

कुरियन म्हणाला, कोण आहे? सही करायला येईल? पाहिजे तर ट्रॅडिशनल टाकतो, झंझट नको.

ट्रॅडिशनल नको, असं मी एवढ्या जोरात म्हटलं की तो दचकला. मावशी उभी राहिली ना डोळ्यांपुढे. आणि ट्रॅडिशनल नको म्हणून मग मी काय लिहिलं? अंतोन अँड द बँड. अवर ओन कंपोझिशन.

मावशीसाठी भांडलो आणि त्या टायवाल्याहून वाईट वागलो. त्याने निदान स्वतःचं नाव नव्हतं घातलं.

१९ एप्रिल, शुक्रवार

फि.ला रात्री नाही सांगितलं, सकाळी सांगितलं, कव्हरवर आपलं गाणं असं लिहिलं म्हणून. पोळी लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"आपलं म्हणजे कोणाचं? तुझं-माझं?"

अगं बँडचं.

"म्हणजे आमचं म्हण ना मग. आपलं कशाला म्हणतोस, उगाच तोंड गोड."

म्हटलं, नऊ वर्षं दुसऱ्यांचं वाजवतोय, एक तरी माझं असू दे की. बोलताना आवाज फाटला. तिने गॅस बंद केला, जवळ येऊन बसली. तिला मी कळतो, हाच त्रास आहे.

२ मे, गुरुवार

कॅसेट आली. कव्हरवर खजुराचं झाड, सूर्य बुडतोय, मी मध्ये, केस काळे दिसतात. पाच घेतल्या. एक सालेमला द्यावीच लागली, व्हॅनमध्येच होता.

त्याला इंग्रजी अक्षर लावून लावून येतं. पुढून पाहिली. उलटी केली. परत पुढून. आतला कागद काढून उलगडला, त्याची पाठ पाहिली. मग अगदी साधेपणाने, "मुबारक का नाम अरबी में है? किधर?"

मी म्हटलं, "जगह नहीं था."

तेवढ्या कागदावर हॉटेलचा फोन नंबर दोनदा आहे.

"मालेश," म्हणाला. असू दे. गाडी चालू केली. रिफा येईपर्यंत स्टिअरिंगवर एकदाही थाप नाही.

१० मे, शुक्रवार

उकाडा सुरू. एसी गळतोय, ॲम्प्लिफायरवर टॉवेल टाकून वाजवलं.

रॉयची बोट पुढच्या आठवड्यात निघते. कॅसेट घेतली त्याने. म्हणाला, तुझं हे एकच गाणं मी आधी कुठे ऐकलेलं नाही, घरी गेल्यावर सगळ्यांना ऐकवीन, म्हणेन, हे तरी ह्या माणसाचं स्वतःचं आहे. पाठीवर थाप मारली. सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं पण. मग कोणीतरी वाढदिवसाचं गाणं वाजवा म्हणून आलं, गेलो.

१३ मे, सोमवार

सालेम बोलतो, पण मिस्टर अंतोन म्हणतो. आधी नुसतं अंतोन म्हणायचा. झोप नाही. भूकही नाही. फि.ने वजन केलं माझं, नर्सची जात.

१७ मे, शुक्रवार

रमजानआधीचा शेवटचा सेट. आता महिनाभर हॉटेलात वाजवणं बंद, गिटार कपाटात. मी ते गाणं आज वाजवलंच नाही. नववा नंबर आला नि सरळ दहावं सुरू केलं, ड्रमरने भुवया उडवल्या.

वायरी गुंडाळत होतो तर सालेम आला. आता हा बोलणार, म्हटलं. बोल बाबा, एकदाचं बोल.

म्हणाला, चाचाने कॅसेट ऐकली. पाच वेळा.

माझे हात थांबले. "क्या बोला?"

"बोला, ये आदमी अच्छा है. लेकिन तीसरा लाइन गलत है." सालेम जरासा हसला, ह्या महिन्यात पहिल्यांदा. "बोला, लेके आओ. मैं सिखाएगा."

कव्हरवरचं नाव वाचून दाखवलंस का, विचारलं.

"नहीं." मग गुंडाळलेली वायर माझ्या हातात देत, "वो तुम बोलो."

१८ मे, शनिवार

सालेम चारला येतो म्हणालाय. हमद टाउनला नवीन सरकारी घर मिळालंय त्याला, सगळे राउंडअबाउट सारखेच, एकट्याने गेलो तर सापडायचं नाही. चाचा तिथेच असतो. म्हणे नवीन शेजाऱ्यांना ढोल चालत नाही, म्हणून म्हातारा गादीवर बसून मांडीवर वाजवतो.

सकाळी कुरियनला फोन केला. पहिला लॉट संपत आलाय, ईदनंतर दुसरा छापतो. कव्हर बदलायचं तर उद्यापर्यंत सांग. म्हटलं, सांगतो. मग कागद घेऊन बसलो. म्हटलं, आधी लिहून टाकू, मग तोंड दाखवू. संगीत, दोन टिंब, आणि पेन तिथेच राहिलं.

मुबारक काय? मुबारक कोणाचा? बापाचं नाव, आडनाव काही माहीत नाही मला. चाल पाठ केली, ठेका पाठ केला, तिसरी ओळ चुकीची पाठ केली. नाव विचारलंच नाही. त्या टायवाल्यानेही मावशीला विचारलं नव्हतं.

फि. विचारत होती, म्हाताऱ्याला काय सांगणार? म्हटलं, माहीत नाही. "आपलं म्हणायचं की आमचं, ते तरी ठरव." म्हटलं, फिलू, दोन्ही नको. त्याचं. बोललो खरं. एकच गाणं होतं गं माझं.

तिने डब्यात गुळाच्या करंज्या भरल्या होत्या, म्हाताऱ्याला दात नाहीत हे सांगितल्यावर परत काढून शिरा केला.

टेपरेकॉर्डर टेबलावर आहे. घ्यावा की न घ्यावा. तिसरी ओळ शिकायची तर घ्यायला हवा. घेऊन गेलो तर म्हाताऱ्याला वाटेल, परत आला न्यायला.

खाली हॉर्न वाजला. कागद खिशात घातलाय, कोरा आहे.