‘डॅम्प मॅचेस’च्या एमरी साबोची निरवानिरव

मी, एमरी साबो, वय एकोणसत्तर, राहणार ॲक्रन, ओहायो, ‘डॅम्प मॅचेस’ या पंक बँडचा एकेकाळचा बास गिटारवादक, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, फुप्फुसे नाहीत. कोणी बळजबरी केलेली नाही; करायला घरात दुसरे माणूसच नाही. याआधी मी कुठे काही लिहिले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. आमच्या राज्यात मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवले असेल तर ते त्याला मिळत नाही, असे वकीलबाईंनी बजावले आहे. स्लोव्हाक क्लबात बिअर ओतणारा व्हर्नन हुडाक एक सही करील. त्याला आमचे संगीत आवडत नाही, माझ्याकडून काही हवेही नाही. दुसरा साक्षीदार अजून मिळालेला नाही. जपानपासून ब्राझीलपर्यंत लोकांच्या दंडांवर आमच्या बँडचे नाव गोंदलेले आहे, पण मंगळवारी दुपारी येऊन सही करील असे माणूस मला आठवेना. याचे मला फार वाईट वाटते.

कलम २. बर्फ उडवायचे यंत्र डावीकडचे शेजारी ल्युथर प्रुइट यांना द्यावे. सहीसाठी आधी त्यांनाच विचारले होते. ते म्हणाले, “सही केली की यंत्र गेलं ना? मग राहू दे बाबा, आमचा हात दुखतोय.”

कलम ३. माझी बास गिटार गावच्या वाचनालयाला द्यावी. पुस्तकासारखी ती कोणालाही घरी नेऊ द्यावी, आपटली तरी दंड करू नये. पोर्टलंडचे एक संग्राहक गृहस्थ ती काचेच्या कपाटात ठेवू म्हणतात. त्यांना गिटार देऊ नये, आणि माझ्या दफनाला आलेच तर सँडविचही देऊ नये.

कलम ४. घर, आणि तळघरातील पहिल्या रेकॉर्डची मूळ टेप, आमची गायिका डार्लीन टॅकेट हिला द्यावी. का, ते सांगणे भाग आहे.

ती रेकॉर्ड आम्ही उसन्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. गिटारवाला रॉइस, देव त्याला शांती देवो, याने टेपच्या डब्यावर वेग चुकीचा लिहिला, आणि कारखान्यातून सगळी गाणी दामटून पळवल्यासारखी छापून आली. डार्लीनचा आवाज मुळात खालचा, भरदार. रेकॉर्डवर ती खारीसारखी चिरकत होती. पुन्हा छापायची ऐपत नव्हती, म्हणून तशीच विकली. लोक वेडे झाले! हळू वाजवले तर समोरची पोरे बिअरचे डबे फेकून मारायची. मग चूक निस्तरायची सोडून आम्ही तीच शिकलो. पुढची सगळी वर्षे ती बाई रोज स्वतःच्या बिघडलेल्या आवाजाची नक्कल करत गायली. एक दिवस घसा बसला तो बसलाच, आणि बँड संपला. आमचा खरा बोलबाला झाला तो त्यानंतर.

रॉइसच्या अंत्यविधीला ती आली नाही. त्याचा राग धरून मी तिच्याशी वीसेक वर्षे बोललो नाही. ढोलवाला त्याच्या आधीच गेला होता. म्हणजे बँडच्या गाडीतले आम्ही दोघेच उरलो आणि तेही अबोला धरून. तिचा खरा आवाज फक्त त्या टेपवर आहे. मला तो फार आवडायचा. अजूनही तळघरात बसून मी एकटा तो ऐकतो.

कलम ५. (हे पुढच्या सोमवारी लिहिले.) घराचे कळवायला मी शनिवारी डार्लीनला फोन केला.

“इतक्या वर्षांनी फोन, आणि तोही मरायची बातमी द्यायला?” ती म्हणाली. “तुझी खोड काही जात नाही, एमरी.”

मी रॉइसचा विषय काढला. “आले होते मी,” ती म्हणाली. “बाहेर गाडीत बसून होते. चर्चभर आपल्या बँडची वेडी ती जाकीटवाली पोरं. मला बघून म्हणाली असती, गा. काय गाणार होते रे मी, कप्पाळ?”

मग तिने विचारले, साक्षीला कोण. मी खरे ते सांगितले. दुसऱ्या दिवशी ती वेस्ट व्हर्जिनियाहून एकटी गाडी हाकत आली. आम्ही टेप लावली. तिने तोंडावर हात धरला आणि सबंध बाजू संपेपर्यंत काढला नाही. मग म्हणाली, “बरी गायचे की मी!” आणि माझ्याकडे पेन मागितले.

मी म्हणालो, “वेडी आहेस का? सही केलीस तर घर जाईल. तू पत्र्याच्या घरात राहतेस, छत गळतं तुझं.”

“गळू दे. बादली आहे,” ती म्हणाली. “मला छप्पर तरी आहे. तुला साक्षीदार नाही.”

मी पुष्कळ हुज्जत घातली. तिने ऐकले नाही. सबब कलम ४ रद्द. घर विकून येईल ते वाचनालयाला द्यावे. टेप माझ्या दफनाच्या दिवशी खऱ्या वेगाने सर्वांना ऐकवावी आणि मग ज्याला हवी त्याला टेपची प्रत करून घेऊ द्यावी. कोणी डबा फेकलाच तर व्हर्नन त्याला बाहेर काढील.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

एमरी साबो
ॲक्रन, ओहायो. मंगळवार, १२ मार्च २०२४

साक्षीदार:

१. व्हर्नन हुडाक. एमरीने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीत होता, प्यालेला नव्हता.

२. डार्लीन टॅकेट. एमरीने माझ्यासमोर सही केली. या मृत्युपत्रातून मला काहीही मिळणार नाही, हे मला सांगण्यात आले आहे. मी इथे त्याच्यासाठी आले आहे.