भाता नसलेली पेटी

बाबा, आपली पायपेटी, तुमचा ऑर्गन, आता वाजत नाही. आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तुमचा जीव तिच्यातच अडकायचा. तुमच्यामागे सोळा पावसाळे काढले तिने. यंदा मागची फळी उघडली तर भात्याचं कापड हात लावताच पिठासारखं गळायला लागलं, आणि निम्म्या सुरांवर हिरवा थर. रत्नागिरीच्या दमट हवेत तुम्ही तिला कशी जपलीत ते मी पाहिलंय. पाऊस लागला की एकेक पितळी सूर काढून तुम्ही स्वयंपाकघरात गॅसशेजारी ताटलीत वाळत ठेवायचात, आणि आई बोंबील भाजता भाजता कुरकुरायची, "सुरांना वास लागेल हो." तुम्ही म्हणायचात, "लागू दे, गाणारे कोकणातलेच आहेत." एवढी निगा माझ्याकडून झाली नाही. लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासून घरी आले की हातात बळ राहत नाही. चूक माझी, ती मी पदरात घेतली.

पण उत्सव तीन आठवड्यांवर आलेला. पूर्णगडच्या अलीकडचं आपलं गाव, देवळापुढचा मांडव, वर्षाचं एक संगीत नाटक, तुमच्या वेळेपासून चालत आलेलं. तुमच्याबरोबर गात आलेले काका आता ऐंशीला टेकलेत, आणि यंदा शेवटचा उभा राहतो म्हणाले होते. पेटी गेल्याचं कळल्यावर त्यांनी सरळ सांगून टाकलं, "ऑर्गन नाही तर मी नाही." म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. (तुमचं श्राद्ध मी दरवर्षी करते, तो भाग वेगळा.) तुमच्यानंतर साथीला बसणारे संगमेश्वरचे गृहस्थ लेकाकडे पुण्याला गेलेले. मंडळाची बैठक बसली, आणि मी म्हटलं, मी वाजवते, पेटीची सोयही मी करते. कोणी हो म्हणेना, नाही म्हणेना. सगळ्यांना तुमचा शब्द पाठ होता ना. "ही तालमीपुरती ठीक आहे." बावीस वर्षं मी तुमच्यासाठी तालमींना वाजवलं, आणि प्रयोगाच्या दिवशी तिसऱ्या रांगेत तुमचा चहाचा थर्मास मांडीवर घेऊन बसले. तुम्ही गेल्यावरही पेटीमागच्या त्या खुर्चीसाठी माझं नाव कोणाच्या तोंडी आलं नाही. मला राग होता, बाबा. अजून आहे. यंदा तिथे बसायचंच, असं मी मनाशी घेतलं होतं.

मग मी साउंड मॉड्यूल आणलं. कसं सांगू तुम्हाला? डब्याएवढं काळं खोकं. त्याला पट्ट्या नाहीत, भाता नाही, स्वतःचा आवाज बाहेर काढायला कर्णासुद्धा नाही, तो वेगळा जोडायचा. नुसते सूर भरलेले आत. पट्ट्या असतात वेगळ्या कीबोर्डला, आणि दोघांच्या मध्ये एक केबल. तिला मिडी म्हणतात. केबलमधून आवाज जातच नाही, नुसता निरोप जातो, की अमुक पट्टी दाबली, एवढ्या जोराने दाबली. वाजवायचं काम खोक्याचं. मी आपली इनच्या भोकाला इन, नाहीतर आऊटला आऊट जोडून बसले, भाकरीवर भाकरी ठेवावी तशी. दोन संध्याकाळी ढिम्म. रोज लाखांची मशीन चालवणारी बाई मी, आणि एका केबलने मला रडवलं. मग डोक्यात उजेड पडला, की एकाच्या तोंडासमोर दुसऱ्याचा कान हवा. कीबोर्डच्या आऊटमधून काढून खोक्याच्या इनमध्ये घातली, पट्टी दाबली, खोक्यावरचा बारका दिवा लुकलुकला आणि आपल्या घरात ऑर्गन वाजला. घरात मी एकटी होते, तरी ओढणी नीट केली.

पहिल्या तालमीला मात्र माझी पुरती शोभा झाली. आवाज कमीजास्त करायला कीबोर्डला पायाखाली एक पेडल असतं. चवडा दाबला की आवाज मोठा, टाच दाबली की लहान. हवा भरायची नसते, तिथे पाय नुसता ठेवायचा. पण माझा पाय तुम्ही घडवलेला. मी अकरा वर्षांची असताना पान उलटायला पाय थांबवला होता, तेव्हा तुम्ही पट्टीने घोट्यावर मारून म्हणाला होतात, "हात चुकला तर लोक हसतील. पाय थांबला तर गाणाऱ्याचा श्वास जाईल." तो फटका मला आजही आठवतो. नांदी सुरू झाली आणि पाय लागला हलायला, वरखाली, वरखाली. ऑर्गन ओरडतोय, गप्प बसतोय, परत ओरडतोय. तबलजी तोंडावर रुमाल धरून हसतोय. काकांनी गाणं थांबवलं. "काय गो, ह्या तुझ्या खोक्याला दमा आहे काय?" सगळी तालीम खो खो हसली. काका नाही हसले. चप्पल घातली आणि निघाले. दारातून म्हणाले, "रविवारी एकदा येईन. जमलं तर जमलं."

पाय बांधून ठेवायचा प्रयत्न केला मी, खोटं कशाला बोलू? खुर्चीच्या दांडीला टॉवेलने. पाय गप्प राहिला तर हात आखडले, एक हरकत सरळ उतरेना. मग मी माहितीपुस्तक घेतलं आणि रिपोर्ट वाचतात तशी ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. पेडल पूर्ण मिटलं की आवाज शून्य होतो. पण ते शून्य आपल्याला बदलता येतं. मी ते वर उचललं, एकशे सत्तावीसपैकी नव्वदवर नेऊन ठेवलं. म्हणजे टाच कितीही दाबा, आवाज बुडायचा नाही, फक्त किंचित आत जायचा आणि चवड्याबरोबर किंचित फुलायचा. पाय हलायला लागला आणि खोकं श्वास घ्यायला लागलं. अगदी आपल्या पेटीसारखं. बाबा, हे मला कोणी शिकवलं नाही, आणि त्या पुस्तकातही असं करा म्हणून लिहिलेलं नाही. हे माझं आहे. रविवारी काका आले, उभ्यानेच एक ओळ गायले, मग बसले, आणि दोन तास उठले नाहीत.

प्रयोग संध्याकाळी सुरू झाला. खुर्चीवर मी. तिसऱ्या अंकात काकांचा आवाज वरच्या सुरावर फाटायला लागला, वय झालंय हो. मी तोच सूर खालून धरला, पायाने फुलवला आणि त्यांना त्यावर पाऊल ठेवू दिलं. ते पोचले. मांडवात कोणाला कळलंसुद्धा नाही, त्यांना कळलं. पडदा पडल्यावर रंग न पुसता माझ्याकडे आले आणि चारचौघांत म्हणाले, "बापापेक्षा काकणभर सरस वाजवलंस गो."

अशा वेळी काय करायचं ते मला ठाऊक आहे. कानाच्या पाळीला हात लावायचा आणि म्हणायचं, छे, त्यांची सर मला कुठली. तुमच्या गुरूंचं नाव निघालं की तुम्ही बाजारात मासळी घेतानाही कान धरायचात. सगळे माझ्याकडे बघत थांबले होते. मी कानाला हात लावला नाही. काकांना वाकून नमस्कार केला आणि "हो" म्हटलं. काका चमकले, मग मान डोलावून गेले. उद्धटपणा नव्हता तो, बाबा. मला खरंच तसं वाटतं. आणि हे पत्र तुम्हाला पोचणार असतं, तर एवढं लिहायची माझी छाती झाली नसती.