कोच तुला विचारतील तेव्हा

प्रिय डार्सी,

आईचा फोन आला होता. हरत आलेला सामना तू एकटीनं फिरवलास म्हणे, आणि बाबा धान्याच्या गोदामावर येईल त्या शेतकऱ्याला धरून सांगतायत, "आमची धाकटी थोरलीपेक्षा उंच उडते!" खरंच उडतेस. अख्ख्या नेब्रास्कात व्हॉलीबॉलच्या जाळीवर इतके वर हात जाणारी दुसरी मुलगी नसेल. मी थोडी जळलेसुद्धा, खोटं कशाला बोलू.

इथं कॉलेजात सगळं बरं आहे, असं मी दर वेळी सांगते. तसं बरंच आहे. खोली मिळते, पोटभर खायला मिळतं, फी भरावी लागत नाही. माझ्या खोलीतली ओडेसा वर्गात पहिली येते, तरी पहाटे उठून भोजनगृहात भांडी घासते, वर बँकेचं कर्ज आहेच. एकदा मी सरावावरून कुरकुरत होते, तर म्हणाली, "बाई गं, तू चेंडूला थपडा मारतेस म्हणून तुझं शिक्षण फुकट, आणि मी अभ्यास करते म्हणून मी कर्जात. आता रडायचं कुणी, तूच सांग!" तिचं चुकत नव्हतंच. फक्त तो 'फुकट' शब्द मला खुपला.

आपल्या तांबड्या गायीचं वासरू अडलं होतं, ते मी हात घालून ओढून काढलं, आठवतं? त्या दिवसापासून मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. पण त्या विषयाची प्रयोगशाळा दुपारी असते आणि सरावही दुपारीच. कोच हसून म्हणाल्या, "जोडी, गायी कुठं पळून जात नाहीत. हंगाम जातो." आणि मला मैदानं नि करमणूक केंद्रं कशी चालवायची, त्या अभ्यासाला घातलं. आईबाबांना अजून ठाऊक नाही. आई परवा फोनवर विचारत होती, मांजरीच्या डोळ्यात कुठलं औषध घालू. मी म्हटलं, कोमट पाण्यानं पूस.

डार्सी, माझा उजवा गुडघा गेलाय. जिना उतरताना कठडा धरावा लागतो. सामन्याआधी सुई टोचतात, मग दोन तास दुखणं कळत नाही, आणि रात्री उशी चावत पडते. संघाच्या डॉक्टरांना विचारलं, खेळू का? उत्तर देताना ते माझ्याकडे नाही, कोचकडे बघत होते. खांदा दुखतो म्हणून आमच्या संघातली हायडी गेल्या वर्षी न खेळता बसली, आणि ऑगस्टमध्ये तिच्या खाटेवर नवीन मुलगी आली. खेळाची शिष्यवृत्ती एकाच वर्षाची असते गं. दर उन्हाळ्यात पुन्हा द्यायची की नाही, ते कोच ठरवतात. दुसऱ्या कॉलेजात जायचं तर त्यांचीच परवानगी, वर एक वर्ष खेळाबाहेर बसायचं. लंगड्या मुलीला तिथं घेणार कोण? खेळले तर पाय जातो, थांबले तर शिक्षण जातं.

कोच वाईट नाहीत. मला ताप आला तेव्हा घरून सूप करून आणलं होतं, उशाशी बसून पाजलं. पण संघ हरला तर त्यांचीही नोकरी जाते.

काल त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला बरीच कॉलेजं विचारतायत. तिच्याशी तू बोल. घरच्या माणसाचं पटतं." आणि दाराशी पोचले तेव्हा, "तुझ्या गुडघ्याचं आपण पुढच्या वर्षीही सांभाळून घेऊ हं." मला काय ते समजलं: तू इथं आलीस, तर माझी शिष्यवृत्ती राहणार. रविवारी मी तुला त्यांच्या खोलीतून फोन करीन, त्या समोर बसलेल्या असतील. मी म्हणेन, ये, एकाच खोलीत राहू, मज्जा येईल. हसेनही. त्या हसण्यावर जाऊ नकोस. तू खेळ, जीव ओतून खेळ, पण जिथं पाय मोडला तरी तुला शिकवतील, आणि तसं कागदावर लिहून देतील, तिथंच जा. बाबा चिडतील, चिडू देत. माझं काय होईल ते विचारू नकोस. विचारलंस तर मला खोटं बोलावं लागेल. मी "ये गं, डार्सी" म्हटलं की मला नाही म्हण. मोठ्यानं म्हण, कोचना ऐकू जाईल असं.

तुझीच,
जोडी