तिसऱ्या धड्यातला एफ

रविवार, ९ मार्च
दुकानातून

धाकट्या,

आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तरी जिना चढायचं ती काही सोडत नाही. शिलाई मशीनच्या दुरुस्तीचं काम पूर्वीइतकं राहिलं नाही, पण आज टेबलावर सात मशिनं आहेत. तू बरा असशील.

नऊ वर्षांनी तुझा निरोप आला, तोही दीड ओळीचा. ‘दादा, गिटारच्या कॉर्डचा सराव करायला वेबसाइट केली आहे. वापरून बघ, चुका तूच काढशील.’ खाली लिंक. तब्येत विचारायला शाई संपली होती का? मोबाईलला शाई लागत नाही हे मला कळतं. मोबाईलवर उत्तरही देता येतं. पण चुका काढायच्या तर कागदावर, नीट.

तर ऐक. तुझ्या वेबसाइटमधली ती बोलणारी बाई गिटार मांडीवर घ्यायच्या आत ‘शाब्बास’ म्हणते. कशाबद्दल? मला कोणीही शाब्बास म्हटलं नाही, तरी शिकलोच ना? कॉर्ड बदलायला चार सेकंद देतोस आणि वर काटा लाल होत जातो. माणूस शिकायला बसलाय की बाँब निकामी करायला? बोटांच्या चित्रात सहाही तारा एकाच जाडीच्या काढल्यास. सहावी तार पहिलीच्या चौपटीहून जाड असते, मी तुला मापून दाखवलं होतं. अंगठा कुठे ठेवायचा याचा तर पत्ताच नाही. आणि तो माइक! शेजारी मशीन चालू होतं, तर त्याच्या घरघरीला तुझी वेबसाइट ‘ए मायनर, बरोबर’ म्हणाली. वहिनी हसून हसून बेजार. म्हणते, “मशीन पास, मालक नापास.”

हो, नापास. लिहिणारच होतो.

तिसऱ्या धड्यात मी एफ कॉर्ड वाजवला आणि पडदा तांबडा झाला. ‘पुन्हा प्रयत्न करा. तुम्ही वाजवला: डी मायनर.’ मी? तू जन्मलास त्या वर्षापासून, अठ्ठावीस वर्षं मी एफ वाजवतोय. तो करंगळीसकट धरायला भल्याभल्यांना जमत नाही, मला दुसऱ्या महिन्यात जमला होता. तारा बदलल्या. ट्यूनिंग फोर्क वाजवून एकेक तार लावली. वहिनीचा मोबाईल घेतला. सत्तावीस वेळा तांबडा. मोजलेत.

मग माळ्यावरून ते पुस्तक काढलं, ज्यावरून मी कोणाच्या मदतीशिवाय शिकलो. पानाचा फोटो काढून तुझ्या तोंडावर मारायचा होता. एफच्या चित्रात बोटांचे पाच ठिपके. पाचवा दुसऱ्या तारेवर, तिसऱ्या घरात, करंगळीचा. सुया तपासायचं भिंग लावलं. मग पान उलटलं.

छापलेला ठिपका कागदाच्या पलीकडे उतरत नाही. हा पाचवा उतरला होता. पुढच्या दोन पानांवरही होता, फिका होत गेलेला. मशीनचं तेल आहे ते. माझ्याच बोटावरचं.

आता यात पुस्तकवाल्याचाही दोष आहे. तेलाच्या थेंबाएवढे ठिपके छापतात का कोणी? आणि आपल्या बँडचं काय? ड्रमवाला, तो गाणारा, यांना कान नव्हते? मान्य, डी मायनर उदास वाजत असला तरी एफचे आणि त्याचे तीनपैकी दोन सूर एकच, म्हणून खपून गेलं असेल. पण इतकी वर्षं? एकालाही कळू नये?

एकाला कळलं होतं.

तू एकोणीस वर्षांचा होतास. दुकानामागच्या खोलीत तालीम चालली होती. तू मध्येच थांबलास आणि म्हणालास, “दादा, गाणं हसतंय आणि तुझा एफ रडतोय.” सगळे फिदीफिदी हसले. मी तुझ्या हातातून गिटार काढून घेतली. म्हणालो, “मी घेऊन दिली, मी शिकवलं, आणि मलाच अक्कल शिकवतोस? आधी वाजवायला शिक, मग तोंड उघड.” तू उलट बोलला नाहीस. चपला घातल्यास आणि गेलास. बोलला असतास तर बरं झालं असतं, याचाही मला राग आहे.

गेले चार दिवस करंगळी वर धरून वाजवतोय. ती आपली खाली येतेच, जुन्या नोकरासारखी. काल एकदाचा पडदा हिरवा झाला आणि तुझी बाई शाब्बास म्हणाली. पण ती कोणालाही म्हणते, मशीनलाही. एफ बरोबर आला की नाही, हे कानाने ऐकून सांगणारा माणूस मला हवा आहे, आणि तसा एकच माहीत आहे.

तुझी गिटार त्याच खुंटीवर आहे. दर महिन्याला पुसतो. परवा नव्या तारा चढवल्या. सुरात लावलेली नाही. ते काम मी करणार नाही, तुझं आहे.

उरलेल्या चुका समोर बसून सांगेन.

चुकलेला,
तुझा दादा

ता. क. चित्रातल्या तारांची जाडी आजच बदल. तिसऱ्या धड्यातला तांबडा मात्र तसाच ठेव.