सकाळच्या बैठकीची नवी सेवा आणि लाइन क्रमांक सहा

प्रति,
मा. श्री. कृष्णराव हटवार,
सचिव, शिवनाथकाठ भट्टी-दुरुस्ती कामगार सहकारी संस्था,
सिविक सेंटर, भिलाई.

अर्जदार : विजया कापगते, बैठक सहायक.

विषय : सकाळच्या बैठकीसाठी नवीन कॉन्फरन्स सेवा निवडताना खोकल्याचा विचार होण्याबाबत.

संदर्भ : सूचना मागविणारे आपले परिपत्रक, दि. ४ ऑगस्ट २०२५.

महोदय,

“आलो नं बाप्पा, थांबा जरा!”

हा आवाज आपल्याही कानांत असेल. सात वर्षांपूर्वी फोनवरची सेवा घेतली तेव्हा मशीनमधली बाई प्रत्येकाला म्हणाली, बीपनंतर आपले नाव सांगा. भिलाई-३ च्या भांडारातले सुखराम लांजेवार त्या वेळी विटांची गाडी उतरवून घेत होते. त्यांना वाटले, दारातून कोणी हाक देऊन राहिले. ते जे ओरडले, तेच तिने नाव म्हणून ठेवून घेतले. तेव्हापासून रोज साडेसातला दहाही लाइनींवर ऐकू येई : “आलो नं बाप्पा, थांबा जरा – बैठक में शामिल हुए हैं.” सगळे हसत. नाव पुन्हा रेकॉर्ड करावे, असे अर्जदाराने सुचविले असता ते म्हणाले, “राहू दे वो विजू. नाव त सगळ्याइलेच असते. मानूस येऊन राहिला, हे समजनं मोठं.”

कार्यालयाचा पत्रव्यवहार हिंदीत चालतो, याची अर्जदारास जाणीव आहे. हा अर्ज हिंदीत दोनदा लिहून पाहिला. दोन्ही वेळा तो दुसऱ्याच कोणाबद्दलचा वाटला. सबब मराठीत सादर करीत आहे.

१. जुनी सेवा ३१ तारखेस बंद करण्याचे कारण परिपत्रकात ‘चुकीच्या नोंदी’ असे दिले आहे. लाइन सहाचे धारक ११ मार्च रोजी भांडारातच वारले, तरी ते रोज हजर दिसतात, असे त्यात म्हटले आहे. अर्जदार नम्रपणे कळविते की यात सेवेचा दोष नाही. रोज सव्वासातला, कोणी जोडले जाण्याआधी, अर्जदार आपल्या मोबाइलवरून त्यांचा कोड टाकते. ते येतात. मोबाइल बंद केला की टेबलावरच्या लाइनीवर मशीन सांगते, “आलो नं बाप्पा, थांबा जरा – बैठक से जा चुके हैं.” मग अर्जदार डोळे पुसून बाकीच्या लाइनी उघडते. ही नोंद खोटी म्हणून खोडायची असल्यास अर्जदाराच्या नावावर खोडावी, सेवेच्या नव्हे.

२. आपल्या आदेशानुसार कार्यालयातील संगणक सहायक अभिनव यांच्यासोबत तीन सेवा तपासल्या. पहिलीत चेहरे स्वच्छ दिसतात. परंतु भट्टीजवळ नेट येत नाही, आणि चेहरे अर्ध्या शब्दावर तोंड उघडून थिजतात. दुसरी फक्त अ‍ॅपवर चालते. आपल्या निम्म्या मुकादमांकडे बटणांचे फोन आहेत. तिसरीला साधा नंबर लावता येतो आणि ती भट्टीचा घोंघाट आपोआप गाळते. समितीचा कल तिच्याकडे आहे. आवाज खरोखर असा येतो, की जणू बोलणारा आपल्या ओसरीवर बसला आहे.

३. मात्र अर्जदाराने अभिनव यांना भिलाई-३ च्या भांडारात पाठवून फोनवर खोकायला सांगितले. मग कण्हायला. मग स्टीलचा पेला जमिनीवर टाकायला. तिसऱ्या सेवेने खोकला गाळला, कण्हणे गाळले, पेलाही गाळला. इकडे शांत, स्वच्छ लाइन. अभिनव यांनी विचारले, “मॅडम, हा कावून टेस्ट करून राहिलो आपण? खरीदना तो कॉन्फरन्स है न, अस्पताल थोडी?” अर्जदाराने पुन्हा खोका, एवढेच सांगितले. ते बिचारे नऊ वेळा खोकले.

४. सबब विनंती अशी की, सेवा कोणतीही घ्यावी, परंतु तीत गाळणी बंद करण्याची सोय असावी. म्यूट केलेला माणूस बोलत असेल तर चालविणाऱ्याच्या पडद्यावर दिवा लागावा. बैठक संपल्यावर कोणाची लाइन उघडी राहिली, तर तो फोन ठेवायला विसरला, असे धरू नये. तिथे माणूस पाठवावा. आणि ३१ तारखेची वाट न पाहता या आठवड्यातच सुखरामकाकांचा तो आवाज पेनड्राइव्हवर काढून त्यांच्या पत्नी राधाबाई लांजेवार यांना देण्यात यावा. त्यांच्याकडे काकांचे फोटो पुष्कळ आहेत. आवाज एकही नाही.

महोदय, इथपर्यंत ‘अर्जदार’ लिहिले. पुढचे त्या शब्दाआडून लिहवत नाही.

राधाकाकू तेरवीपासून मला एकच विचारतात, “विजू, तुह्याच फोनवर होते नं ते. काही बोलले का वो शेवटी?” मी दर वेळी सांगते, “नाही काकू. लाइन शांत होती.” काकांच्या मृत्यूच्या चौकशीतही मी तेच लिहून दिले आणि आपण त्यावर सही केली.

लाइन शांत नव्हती. त्या सकाळी बाहेरगावचे साहेब बोलत होते आणि काका खोकत होते. आपण फक्त विचारले, “कोन खोकून राहिलं?” बंद करा, असे आपण म्हणाला नव्हता. मी पडद्यावर लाइन सहा शोधली. खोकला थांबला आणि काका हळूच म्हणाले, “विजू, मले…”

त्यांनी काय मागितले, मला माहीत नाही. ‘मले’च्या पुढे मी बटण दाबले. बैठक आणखी बावीस मिनिटे चालली. सगळे गेले, लाइन सहा उघडीच होती. मला वाटले, काका नेहमीसारखे फोन ठेवायला विसरले. मी चहा घ्यायला गेले.

जी शिक्षा द्यायची ती द्यावी. येत्या रविवारी पेनड्राइव्ह घेऊन मीच राधाकाकूंकडे जाईन आणि त्यांच्यासमोर हेच बोलेन. तोंडाने जमेल की नाही कळत नव्हते, म्हणून आधी आपल्याला लिहिले.

आपली,
विजया कापगते
भिलाई, दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१. तीन सेवांचा तुलना-तक्ता.
२. दि. ११ मार्चची लाइन-नोंद, मूळ प्रत. चौकशीच्या वेळी ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. सात एक्केचाळीसची ओळ पाहावी : ‘लाइन सहा – म्यूट – विजया.’